वारशाने आलेले जुने रिव्हॉल्व्हर ओळखावे कसे : बदललेले भाग आणि नक्षीकाम

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या पश्चात जुने रिव्हॉल्व्हर हाती आले की पहिला प्रश्न निघतो तो ‘हे कोणत्या कंपनीचे?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याने सुरुवात केली की नवखा माणूस नळीवरचे एखादे नाव किंवा सिलिंडरवरचा एखादा आकडा वाचतो आणि तिथेच शोध संपवतो. शंभर-दीडशे वर्षे वापरात राहिलेले रिव्हॉल्व्हर ही एकाच दिवशी, एकाच हाताने घडलेली वस्तू क्वचितच असते. चौकट (बाकीचे भाग जिच्यावर बसतात तो सांगाडा) एका काळातली, नळी दुसऱ्या, मूठ तिसऱ्या आणि नक्षी चौथ्याच काळातली असू शकते. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचावा, प्रत्येकाचा काळ ठरवावा आणि मग कोणते काम आधी झाले व कोणते नंतर, याचा क्रम लावावा. या लेखातील सर्व पायऱ्या त्या क्रमाकडे नेणाऱ्या आहेत.

पायरी पहिली : ते भरलेले आहे असे धरून चालणे

बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक दशकांनंतरही पेट घेते. काडतुसे येण्यापूर्वीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरच्या कप्प्यात पुढून ठासली जात असे, त्यामुळे मागून पाहून ते रिकामे आहे की नाही हे कळत नाही. कप्प्यांच्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या निपलवर (बोंडीवर) तांब्याच्या टोप्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटून दारूला ठिणगी देणाऱ्या टोप्या, अजून बसलेल्या दिसल्या, तर त्या काढण्याच्या भानगडीत पडू नये. टोप्या नसल्या तरी नळीच्या तोंडासमोर डोळा किंवा हात न आणता, बाजूने तिरका उजेड टाकून कप्प्यांची पुढची तोंडे पाहावीत. आत करडा, गोलसर पृष्ठभाग दिसला तर ती गोळीच आहे असे समजावे. जराही शंका आली तर पुढचे काम जाणकार बंदूक-कारागिरावर सोपवावे.

घोडा उगाच चढवू नये आणि रिकामा आपटू तर मुळीच नये. जुन्या पोलादाच्या कमानी (स्प्रिंगा) आणि घोड्याच्या पोटातील खाचा इतक्या वर्षांनी ठिसूळ किंवा झिजलेल्या असतात. एका ‘खट्’ आवाजासाठी अस्सल कमान मोडली की तिच्या जागी येणारी नवी कमान म्हणजे आणखी एक बदललेला भाग.

कायद्याची बाजूही याच टप्प्यावर पाहावी. वस्तू वारशाने मिळाली म्हणून ती बाळगण्याचा अधिकारही आपोआप मिळतो असे नाही. कोणते हत्यार ‘पुरातन’ मानायचे याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधीचे उत्पादन ही मर्यादा आहे, तर इतरत्र ते कोणत्या पद्धतीने पेटते आणि त्याची काडतुसे आज मिळतात का, यालाही महत्त्व असते. याचा अर्थ असा की मूळचे टोपीचे रिव्हॉल्व्हर पुढे काडतुसाचे करून घेतले असेल तर त्या एका बदलाने त्याचा कायदेशीर वर्गही बदलू शकतो. ते घेऊन तज्ज्ञाकडे जाण्याआधी संबंधित अधिकाऱ्यांना विचारावे. छायाचित्रे मात्र कुठेही नेता येतात.

पायरी दुसरी : काही न पुसता नोंद करणे

गंज, मळ, जुने तेल, खाचांत बसलेली धूळ हा सगळा पुरावा आहे. पॉलिश, लिंबू, राख, सँडपेपर, स्टीलचा काथ्या यांपैकी काहीही लावू नये. फार तर कोरड्या मऊ कापडाने वरची धूळ टिपावी. दोन्ही बाजू, वरून, खालून, पुढून, मागून आणि मुठीच्या तळाचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक आकडा आणि ठसा तिरक्या उजेडात जवळून टिपावा, कारण समोरून पडलेल्या प्रकाशात उथळ ठसे सपाट होऊन दिसेनासे होतात. नळीची लांबी सिलिंडरच्या पुढच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत मोजावी आणि कप्पे किती आहेत, नळी गोल आहे की अष्टकोनी, हे लिहून ठेवावे. सांगण्यासारखी कौटुंबिक कथा असेल तर तीही लिहावी, पण वेगळ्या कागदावर. तपास सुरू असताना ती कथा नजरेसमोर नसलेली बरी.

पायरी तिसरी : यंत्रणेवरून काळाची चौकट आखणे

नाव वाचण्याआधी हत्यार कसे चालते ते पाहावे. नावाची नक्कल करणे सोपे असते, यंत्रणेची नक्कल करायला श्रम पडतात. सॅम्युअल कोल्टचे अमेरिकेतील पेटंट १८३६ चे. त्याच्या बहुतेक टोपीच्या रिव्हॉल्व्हरांना सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नसते, नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असते. इंग्लंडमधील रॉबर्ट ॲडम्सच्या १८५१ च्या रचनेत चौकट आणि नळी एकसंध असून चाप ओढताच घोडा आपोआप चढतो व पडतो. फ्रान्समधील लफोशो पद्धतीत काडतुसाच्या कडेतून एक खिळा बाहेर डोकावतो, त्यासाठी सिलिंडरच्या मागच्या कडेवर लहान चिरा असतात, आणि त्या चिरा दिसल्या की ओळख जवळपास पटते.

सिलिंडर आरपार छिद्राचे असेल तर एक तारीख ध्यानात ठेवावी. आरपार सिलिंडरचे रॉलिन व्हाइट याचे अमेरिकी पेटंट ३ एप्रिल १८५५ चे असून ते स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या ताब्यात होते आणि १८६९ मध्ये संपले. त्यामुळे अमेरिकेत टोपीची कोल्ट रिव्हॉल्व्हरे मोठ्या प्रमाणावर काडतुसाची करून घेण्याचे काम त्यानंतरच सुरू झाले. मधून मोडून उघडणारे स्मिथ अँड वेसनचे तिसऱ्या क्रमांकाचे मोठे रिव्हॉल्व्हर १८७० चे, कोल्टचे प्रसिद्ध सिंगल ॲक्शन आर्मी १८७३ चे, आणि वेब्लीचे ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले पहिले रिव्हॉल्व्हर १८८७ चे. या तारखा तोंडपाठ असण्याची गरज नाही. पण हातातील वस्तू कोणत्या वर्षाच्या अलीकडची असूच शकत नाही आणि कोणत्या वर्षाच्या पलीकडची असूच शकत नाही, या दोन कडा कागदावर आखून घेतल्या की बरेचसे भ्रम तिथेच गळतात.

पायरी चौथी : नावे, तारखा आणि चाचणीचे ठसे

नळीवर किंवा वरच्या पट्टीवर कोरलेले नाव कारखानदाराचे असेलच असे नाही. इंग्लंडमध्ये ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असे. बेल्जियममध्ये बनलेल्या असंख्य रिव्हॉल्व्हरांवर तर कारखान्याचे नावच नसते, आणि काहींवर प्रसिद्ध नावाशी मिळतेजुळते, एखादे अक्षर बदललेले नाव मुद्दाम टाकलेले असते.

तारखांच्या बाबतीत फसगत आणखी सोपी. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याच्या सिलिंडरवर ‘१६ मे १८४३’ अशी तारीख इंग्रजीत असते, आणि ती पाहून रिव्हॉल्व्हर १८४३ चे असल्याचे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ती तारीख टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांमधील कँपेचीच्या लढाईची आहे; त्याच लढाईचे दृश्य सिलिंडरभर उमटवलेले असते. स्मिथ अँड वेसनच्या सिलिंडरवरील ‘३ एप्रिल १८५५’ ही वर सांगितलेल्या पेटंटची तारीख. पेटंटची तारीख एवढेच सांगते की वस्तू त्यानंतरची आहे. किती नंतरची, हे ती सांगत नाही.

सर्वांत भरवशाचे असतात ते चाचणीगृहाचे, म्हणजे हत्यार दाब सोसते की नाही हे उडवून तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे. बेल्जियममधील लीएज येथील चाचणीगृहाचा ठसा म्हणजे लंबवर्तुळात इंग्रजी ई, एल, जी ही अक्षरे आणि त्यांखाली तारा. १८९३ पासून त्या लंबवर्तुळावर मुकुट आला. म्हणजे मुकुट नसलेला ठसा १८९३ पूर्वीचा आणि मुकुट असलेला त्यानंतरचा. हा एवढासा फरक इथे फार उपयोगी पडतो, कारण तो सिलिंडरवर एक आणि नळीवर दुसरा निघाला तर भाग बदलल्याचा पुरावाच हाती आला. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची स्थापना १८१३ ची. त्याच्या एकोणिसाव्या शतकातील ठशांत मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड दिसतात. अमेरिकेत अशी सक्तीची सरकारी चाचणी नव्हती, त्यामुळे अमेरिकी म्हणून सांगितलेल्या रिव्हॉल्व्हरवर युरोपीय ठसे आढळले तर ते युरोपात विकले गेले, तिथे दुरुस्त झाले किंवा मुळात तिथलीच नक्कल आहे, या तीन शक्यता तपासाव्यात.

इटलीतील गार्दोने चाचणीगृहाचे ठसे दिसले तर मात्र उत्साह आवरावा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांच्या उत्तम प्रतिकृती बनू लागल्या, आणि तिथल्या ठशांबरोबर उत्पादनवर्षाची खूणही असते : आधी रोमन अंकांत, १९७५ पासून दोन अक्षरांत. ते ठसे घासून टाकून, आम्लाने गंज चढवून विकलेल्या प्रतिकृती घरोघरी ‘पणजोबांचे पिस्तूल’ होऊन बसल्या आहेत. ठसे असायला हवेत त्या जागी धातू किंचित खोलगट लागला, तर संशय घ्यावा.

पायरी पाचवी : क्रमांक जुळवणे

कोल्टचे टोपीचे रिव्हॉल्व्हर उलटे धरले तर नळीच्या बुडाशी, चौकटीवर, चापाच्या कड्याच्या पट्टीवर आणि मुठीच्या तळाशी क्रमांक दिसतात. मूळ जुळणीत हे चारही एकच असतात आणि आकड्यांचे वळण, उंची व खोली सारखी असते. सिलिंडरवर पूर्ण किंवा त्रोटक क्रमांक असतो, तो पाचरीवरही असतो. पाचर सर्वांत आधी हरवते, त्यामुळे तिच्यावरचा क्रमांक न जुळल्यास फारसे बिचकू नये. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांचा मुख्य क्रमांक मुठीच्या तळाशी असतो आणि तो सिलिंडर, नळी व मुठीच्या उजव्या फळीच्या आतल्या बाजूला पुन्हा येतो. लाकडी मुठीच्या आत कधी कधी शिसपेन्सिलीने लिहिलेला अंक सापडतो. तो बोटानेही पुसू नये.

इथे दोन सावधगिऱ्या. पहिली अशी, की काही कारखाने मुख्य क्रमांकाखेरीज जुळणीसाठी वेगळा छोटा क्रमांक किंवा अक्षर वापरत, तेव्हा दोन वेगळे आकडे दिसले म्हणजे भाग बदललाच, असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी तोच छोटा क्रमांक इतर भागांवर आहे का ते पाहावे. दुसरी याच्या उलट : सगळे क्रमांक जुळतात म्हणून निःशंकही होऊ नये. क्रमांक घासून नवा ठोकता येतो. अशा वेळी आकड्याभोवतीचा धातू दबलेला असतो, आकड्यांच्या कडा आजूबाजूच्या झिजेच्या मानाने फार धारदार असतात, किंवा जुन्या अंकाची सावली नव्याखाली दिसते.

शिवाय न जुळणारे क्रमांक प्रत्येक वेळी दोष ठरत नाहीत. अमेरिकी सैन्याने १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या जुन्या घोडदळी कोल्ट रिव्हॉल्व्हरांच्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंची केल्या. दुरुस्तीच्या त्या मोहिमेत भागांची सरमिसळ झाली, आणि आज ‘आर्टिलरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रिव्हॉल्व्हरांवर वेगवेगळे क्रमांक असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा रिव्हॉल्व्हरचे भाग ‘जुळवून’ देणारा कारागीर त्याचा इतिहास पुसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी सहावी : बदललेला भाग कधी बदलला?

भाग बदलला आहे हे कळणे हा अर्धाच शोध. तो वापराच्या काळात बदलला, शस्त्रागारात बदलला, की विक्रीसाठी नटवताना बदलला, हे ठरवण्यासाठी झीज आणि रंग यांची तुलना करावी. एकत्र झिजलेल्या दोन भागांची सांध्याजवळची झीज एकमेकांत मिसळते. उशिरा आलेला भाग शेजाऱ्यापेक्षा किंचित उंच, टोकदार किंवा वेगळ्या छटेचा राहतो. मुठीच्या फळ्या याचे उत्तम उदाहरण. मूळ फळी धातूच्या पट्टीबरोबर बसवूनच घासलेली असल्याने लाकूड आणि धातू यांच्या कडा बोटाला एकसलग लागतात. जुने लाकूड थोडे आक्रसते हे खरे, पण नंतरची फळी एके ठिकाणी पट्टीबाहेर येते आणि दुसऱ्या ठिकाणी आत राहते. मूठ हस्तिदंताची वाटत असेल तर तिच्या टोकाकडच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानीसारख्या रेषांची जाळी दिसते का ते भिंगाने पाहावे. हाडात ती नसते, तिथे बारीक काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंत निघाले तर सीमेपार नेण्याआणण्यावर वन्यजीव व्यापाराचे आंतरराष्ट्रीय निर्बंध लागू होतात, हेही लक्षात असू द्यावे.

स्क्रू पुष्कळ बोलतात. जुन्या चांगल्या कामात त्यांची खाच अरुंद असते आणि डोके आजूबाजूच्या पृष्ठभागाबरोबर घासलेले असते. रुंद खाचेचा, सपाट डोक्याचा, आजच्या दुकानी मापाचा स्क्रू म्हणजे अलीकडची दुरुस्ती. रंगकाम नंतर केले असेल तर चौकटीच्या कडा गोलावतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि निकलचा मुलामा गंजाच्या खड्ड्यांतही चमकतो. मुलाम्याआधी गंज होता, याची ती कबुलीच.

वेब्लीच्या सैनिकी रिव्हॉल्व्हरांत आणखी एक बदल तपासावा. पुष्कळांच्या सिलिंडरचा मागचा भाग खरवडून त्यांत अमेरिकी ०.४५ इंची स्वयंचलित पिस्तुलाची काडतुसे बसतील असे केले गेले. बदल दिसायला किरकोळ, पण ती काडतुसे या जुन्या रिव्हॉल्व्हरांना झेपणाऱ्या दाबापेक्षा अधिक दाब निर्माण करतात. भिंतीवर टांगण्यापुरते ठेवायचे असले तरी ही नोंद कागदपत्रांत असायला हवी.

पायरी सातवी : नक्षी वाचणे

नक्षी दिसली की किंमत वाढली असे नवख्याला वाटते. आधी ती कशी उमटली ते ठरवावे. कोल्टच्या सिलिंडरवरील दृश्ये हाताने कोरलेली नाहीत. वॉटरमन ऑर्म्सबी या नोटांच्या छपाईसाठी कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने बनवलेल्या साच्यावरून ती रुळाच्या दाबाने उठवली आहेत, म्हणून ती त्या नमुन्याच्या हजारो रिव्हॉल्व्हरांवर सारखीच असतात. हाताची नक्षी दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ओळखू येते : चराचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, वळणावर रुंद होत जाणारा, आणि छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके पडलेले असतील तर चराच्या भिंतीवर लहान लहान पैलूंची ओळ. आम्लाने कोरलेल्या नक्षीचा तळ सपाट आणि रवाळ असतो. ओतीव प्रतिकृतीत नक्षीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ असतात.

मग प्रश्न काळाचा. कारखान्यात किंवा विक्रीपूर्वी झालेली नक्षी रंगकामाच्या आधी होत असे, त्यामुळे निळसर रंग किंवा मुलामा चराच्या तळापर्यंत पोहोचलेला असतो. चर मुलामा कापून खालचा उघडा धातू दाखवत असेल तर नक्षी नंतरची. गंजाचे खड्डेही साक्ष देतात. खड्डा चरात उतरत असेल तर चर आधीचा. चराची धार खड्ड्याची कड स्वच्छ कापत पुढे गेली असेल तर नक्षी गंजानंतरची. नळीचे टोक, चापाच्या कड्याचा पुढचा भाग आणि सिलिंडरच्या कडा म्यानात घासून आधी झिजतात. तिथला रंग उडालेला आणि नक्षी मात्र करकरीत, हे एकत्र शोभत नाही.

आता या सगळ्या खुणा एकत्र वाचाव्यात. समजा, कोल्टचे १८६० चे आर्मी रिव्हॉल्व्हर समोर आहे. चौकट, कडे आणि मूठ यांचे क्रमांक एक, नळीचा वेगळा. चौकटीवरून निघालेली वेल सांधा ओलांडून नळीवर जाते आणि दोन्हीकडच्या अर्ध्या पानांची टोके तंतोतंत मिळतात. चरांच्या तळाशी निकल आहे, आणि नळीच्या बुडाशी ते जुन्या खड्ड्यांतही उतरले आहे. यावरून क्रम असा लागतो : आधी नळी बदलली, मग दोन्ही भाग एकत्र असताना नक्षी झाली, शेवटी मुलामा; गंज मुलाम्याआधीचा. म्हणजे नक्षी अस्सल हाताची असली तरी ती पहिल्या मालकासाठी कारखान्यात झालेली नाही. याउलट पानांची टोके अर्धा मिलिमीटर सरकलेली असती आणि नळीवरील चरांचे वळण वेगळ्या हाताचे वाटले असते, तर नक्षीदार रिव्हॉल्व्हरला नंतर नळी बसवून तिच्यावर जुळती वेल काढून घेतली, असा उलटा क्रम लागला असता. स्क्रूच्या डोक्यावरून जाणारी वेलही अशीच तपासता येते, फक्त त्यासाठी स्क्रू फिरवायचा नाही.

कारागिराचे नाव लावण्याची घाई करू नये. गुस्ताव यंग याने आधी कोल्टसाठी व पुढे स्मिथ अँड वेसनसाठी काम केले, न्यूयॉर्कमध्ये निम्श्के याचे काम गाजले, आणि त्यांच्या शैलीच्या नकलाही भरपूर झाल्या. सहीविना ‘त्या धाटणीचे’ एवढेच लिहावे. मुठीच्या मागच्या पट्टीवरील अर्पण-मजकूर फक्त त्या पट्टीबद्दल बोलतो, कारण ती स्क्रूंनी बसवलेली असते आणि दुसऱ्या रिव्हॉल्व्हरवरही जाऊ शकते. १८६० च्या नमुन्यावर १८५८ ची भेट कोरलेली असेल तर वाद उरतच नाही.

पायरी आठवी : दफ्तराकडे विचारणा

कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या नोंदींवरून शुल्क भरून लेखी उत्तर मिळवता येते. त्यात साधारणपणे नळीची लांबी, रंगकाम, मुठीचा प्रकार, माल कधी आणि कोणाकडे रवाना झाला, आणि नोंद असल्यास नक्षीचा उल्लेख येतो. कोल्टच्या हार्टफर्ड कारखान्याला १८६४ मध्ये मोठी आग लागली होती आणि टोपीच्या रिव्हॉल्व्हरांच्या नोंदी त्रोटकच उपलब्ध आहेत, त्यामुळे त्या काळाबद्दल अपेक्षा बेताची ठेवावी. पत्रात चौकटीचाच क्रमांक द्यावा. उत्तरात ‘साडेसात इंची नळी, निळा रंग, अक्रोडाची मूठ’ असे आले आणि हातातील रिव्हॉल्व्हर आखूड नळीचे, निकलचे व नक्षीदार असेल, तर पत्र चुकले असे समजू नये. कारखान्यातून निघाल्यानंतर काय काय झाले त्याची यादीच ते देत असते.

किंमत ठरवून घेण्याची वेळ यानंतरची. मूल्यांकन करणाऱ्याला छायाचित्रे, क्रमांकांची नोंद, कारखान्याचे पत्र आणि लावलेला क्रम एकत्र द्यावा, आणि तोपर्यंत वेगळा ठेवलेला कौटुंबिक कथेचा कागदही जोडावा. निखळलेला किंवा काढलेला एकही भाग टाकू नये. नाव लिहिलेल्या पाकिटात सोबत ठेवावा. धातूवर पातळ तेलाचा किंवा संग्रहालयात वापरतात तशा मेणाचा हलका हात फिरवून रिव्हॉल्व्हर कोरड्या जागी, कायद्याने सांगितलेल्या कुलपात ठेवावे. चामड्याच्या म्यानात ठेवू नये; चामडे ओल धरते आणि त्यातील आम्ले धातू खातात. म्यान जुने असेल तर ते शेजारी, पण वेगळे ठेवावे.